पाटण्याचे शहामृग : जीवाश्म पक्ष्यांच्या नामनिश्चितीचा प्रश्न

मराठीत 'शहामृग' हा शब्द ज्या प्राण्यास लावला जातो तो मृग नव्हे. फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी. मराठी कानांनी त्या शब्दास ओळखीच्या 'मृगा'चे रूप दिले आणि नावापुरते पक्ष्याचे हरिण झाले. हिंदीतील 'शुतुरमुर्ग' या नावात उंट आहे, आणि लिनियसने १७५८ साली ग्रंथनिविष्ट केलेल्या 'स्ट्रुथिओ कॅमेलस' या शास्त्रीय नावातही उंटच आहे. या साऱ्या गोंधळाने आजवर कोणाची फसगत झालेली नाही. कारण नाव कसेही असले तरी ज्यास ते दिले तो पक्षी आफ्रिकेच्या माळरानावर प्रत्यक्ष चालत आहे. शंका आलीच तर त्याच्याकडे बोट दाखविता येते. जीवाश्मांच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे हाडाचा तुकडा किंवा अंड्याचे कवच एवढाच साक्षीदार असतो, आणि त्याच्या साक्षीचा अर्थ लावण्यापूर्वीच त्याच्यावर नाव चिकटविलेले असते. असे नाव पुढे पुराव्याच्या जागी जाऊन बसते. खानदेशातील पाटणे येथे मिळालेल्या शहामृगाच्या कवचाच्या निमित्ताने या प्रवृत्तीचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभी जिवंत पक्ष्याचे एक उदाहरण घेणे सोयीचे होईल, आणि ते रत्नागिरीचेच आहे. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोरील समुद्रातील खडकाळ बेटांचाही समावेश होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाल्यावर ती बेटे त्या जिल्ह्यात गेली. या बेटांच्या गुहांत आपल्या लाळेच्या साहाय्याने घरटी बांधणारी एक लहान, तपकिरी पाकोळी राहते. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात तिच्यासंबंधी लिहिले आहे. या पक्ष्याचे मूळ वर्णन मात्र निलगिरीतील कुन्नूर घाटाच्या नमुन्यावरून जर्डन यांनी १८४० साली केले आणि त्यास 'हिरुंडो युनिकलर' असे नाव दिले. 'हिरुंडो' ही भिंगऱ्यांची प्रजाती होय, आणि पाकोळी ही भिंगरी नव्हे. म्हणून पुढे तो 'कोलोकॅलिया' प्रजातीत गेला. त्यानंतर, ओबरहोल्सर यांनी १९०६ साली मांडलेल्या 'एरोड्रॅमस' या प्रजातीचे पुनरुज्जीवन १९७० नंतर झाले तेव्हा तो तीत गेला. या पुनरुज्जीवनाचा मुख्य आधार असा की, काही पाकोळ्या काळोख्या गुहेत स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात आणि काही काढीत नाहीत. परंतु २००४ साली, 'कोलोकॅलिया'मध्येच राहिलेली एक लहानशी पाकोळीही प्रतिध्वनीचा असाच उपयोग करते असे दिसून आले, आणि जो गुण प्रजातीची सीमारेषा म्हणून मानला होता तो एकट्याने पुरेसा नाही हे सिद्ध झाले.

या इतिहासात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, प्रजातीचे नाव दोनदा बदलले तरी 'युनिकलर' हे जातिनाम टिकून राहिले, आणि आज जर्डन यांचे नाव त्यापुढे कंसात लिहिले जाते. तो कंस अलंकारासाठी नाही. मूळ लेखकाने ही जात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर ती हलविली गेली, एवढा सगळा वाद त्या दोन लहान खुणांत नोंदलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक टप्प्यावर वादाचा निकाल लावण्यासाठी अभ्यासकांना गुहेकडे परत जाता आले. पक्षी तेथे होता. त्याचे घरटे, त्याचा आवाज, त्याचे शरीर आणि आता त्याची आनुवंशिक द्रव्ये, ही सर्व एकाच जीवाची आहेत याबद्दल शंका नव्हती.

नामकरणाच्या नियमांकडे पाहिले तर ते जिवंत व मृत असा भेद करीत नाहीत. स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने १८४२ साली तयार झालेल्या नियमावलीपासून २००० सालच्या आरंभी अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मूलतत्त्व एकच आहे : एका जातीस दोन नावे दिली गेली असतील तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य, नंतरचे ते पर्यायनाम. मात्र पर्यायनामांचे दोन प्रकार आहेत. दोन्ही नावे एकाच मूळ नमुन्यावर आधारलेली असतील तर त्यांचे ऐक्य ही वस्तुस्थिती असते. तेथे मतभेदास जागा नाही. परंतु नावे निरनिराळ्या नमुन्यांवर आधारलेली असतील, तर ते दोन नमुने एकाच जातीचे आहेत हा अभ्यासकाचा निर्णय असतो, आणि निर्णय बदलू शकतो. जीवाश्म पक्ष्यांच्या बाबतीत बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारचे असतात. दुर्दैवाने पर्यायनामांच्या यादीत छापताना दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि वाचक निर्णयासही वस्तुस्थिती समजू लागतो.

भारतीय जीवाश्म पक्ष्यांचा अभ्यास शिवालिक टेकड्यांपासून सुरू होतो. फाल्कनर आणि कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे जमविलेल्या अस्थींत पक्ष्यांच्याही काही होत्या. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फोंस मिल्न-एडवर्ड्स यांनी त्यांपैकी एका प्रचंड करकोच्यास १८६८ साली 'अर्गाला फाल्कनरी' असे नाव दिले. आज तो 'लेप्टोप्टिलोस फाल्कनरी' म्हणून ओळखला जातो. युक्रेनमधील अस्थींवरून झुबारेवा यांनी १९४८ साली 'लेप्टोप्टिलोस प्लायोसिनिकस' ही जात कल्पिली. लूशार आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली या प्रजातीच्या सर्व जीवाश्मांची फेरतपासणी केली आणि आफ्रिकेतील आदिमानवाच्या स्थळी सापडलेल्या अस्थींसह युक्रेनची जात शिवालिकच्याच जातीत विलीन केली. येथे एक नाव पुसले गेले, परंतु ज्ञान कमी झाले नाही. उलट एकाच पक्ष्याचा संचार हिमालयाच्या पायथ्यापासून युरोप व आफ्रिकेपर्यंत होता असे चित्र उभे राहिले. अस्थी अस्थींशी ताडून पाहिल्या गेल्या, म्हणून हे पर्यायनाम अर्थपूर्ण ठरले.

याच्या अगदी उलट उदाहरणही शिवालिकमध्येच आहे. रिचर्ड लायडेकर यांनी १८८४ साली पायाच्या बोटाच्या एका हाडावरून भारतात एमूसदृश पक्षी होता असे मानून त्यास 'ड्रोमेयस सिवालेन्सिस' म्हटले. १८९१ साली ब्रिटिश संग्रहालयातील जीवाश्म पक्ष्यांची सूची करताना त्यांनीच त्याच्यासाठी 'हिप्सेलॉर्निस' ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. ऑस्ट्रेलियाचा एमू भारतात कसा, या प्रश्नाने भूखंडांच्या प्राचीन संबंधांविषयी तर्क करण्यास आयती सामग्री मिळाली असती. १९२९ साली पर्सी लो यांनी ते हाड पुन्हा तपासले, आणि ते पक्ष्याचे नसून सुसरीच्या कुळातील प्राण्याचे आहे असे दाखवून दिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ एक सुसर पक्ष्याच्या नावाने ग्रंथांत वावरली. नाव बदलून प्रजाती सुधारली गेली, पण हाडच चुकीचे वाचले आहे ही शंका मधल्या काळात मागे पडली. नावाच्या दुरुस्तीने मूळ निरीक्षणाची दुरुस्ती होत नाही, हा धडा याहून स्पष्टपणे क्वचितच मिळेल.

आता शहामृगाकडे वळू. मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७१ साली शिवालिकमधील अस्थींवरून 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' ही जात स्थापन केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ साली, ब्रांट यांनी दक्षिण रशियातील खेरसोन प्रांतात सापडलेल्या एका अंड्यास 'स्ट्रुथिओलिथस खेरसोनेन्सिस' असे नाव दिले. येथून शहामृगाच्या जीवाश्मांच्या नामकरणात दोन समांतर प्रवाह वाहू लागले : एक अस्थींचा, दुसरा अंड्यांचा. १८९८ साली ईस्टमन यांनी उत्तर चीनमधील अंडे ब्रांट यांच्याच नावाखाली घातले. आश्चर्याची गोष्ट ही की, लायडेकर यांची चूक दाखविणाऱ्या पर्सी लो यांनीच १९३१ साली चीनमधील अंड्यांच्या आधारे 'स्ट्रुथिओ अँडरसनी' ही जात निर्माण केली. हाडाच्या बाबतीत इतका सावध असणारा अभ्यासक कवचाच्या बाबतीत उदार झाला, याचे कारण त्याच्या वृत्तीपेक्षा सामग्रीत शोधावे लागेल. कवच विपुल मिळते, टिकते, मोजता येते. हाड दुर्मिळ असते. जे मोजता येते त्यास नाव देण्याचा मोह अनावर असतो.

या दोन प्रवाहांना जोडणारा पूल कोणता? अस्थिपंजराजवळच किंवा अस्थींसह एकाच थरात अंडे मिळाले तरच अमुक अंडे अमुक अस्थींच्या जातीचे असे अधिकाराने म्हणता येईल. ज्या अस्थींवरून 'एशियाटिकस' ही जात उभी आहे त्यांच्यासमवेत अंडे वर्णिलेले नाही. आणि भारतातील उत्तर-प्लाइस्टोसीन काळातील शहामृगाचा अभ्यास बहुतांशी कवचांवरच उभा आहे. जेथे हाड आहे तेथे कवच नाही, जेथे कवच आहे तेथे हाड नाही. आणि दोहोंमध्ये लक्षावधी वर्षांचे अंतर आहे.

उत्तर भारतातील कवचाच्या तुकड्यांविषयी बिडवेल यांनी १९१० साली 'आयबिस' मध्ये लिहिले होते. परंतु या विषयाला खरी चालना स्वातंत्र्योत्तर काळातील पुरातत्त्वीय संशोधनाने मिळाली. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले, आणि पुढे १९८९ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्रातील उत्तर-पुराणाश्मयुगीन संस्कृतींवरील ग्रंथात त्याचा साकल्याने परामर्श घेतला. तेथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या कवचाचे तुकडे व मणी मिळाले. एका तुकड्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची मुद्दाम कोरलेली नक्षी आहे. महाराष्ट्रातील मानवी कलेच्या प्राचीनतम अवशेषांत त्याची गणना होते. ज्या कवचावर त्या माणसाने हत्यार चालविले ते कवच कोणत्या पक्ष्याचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ पक्षिशास्त्राचा राहत नाही.

या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' हे होय. भारतात शहामृगाचे जीवाश्म आहेत. भारतातील जीवाश्म शहामृगास एशियाटिकस म्हणतात. म्हणून पाटण्याचे शहामृग एशियाटिकस, असा हा अनुमानाचा मार्ग आहे. तो तपासला असता त्यात पुरावा एकच आढळतो, आणि तो म्हणजे भारताचा नकाशा. कवचाचा कोणताही गुणधर्म या अनुमानात येत नाही. इतकेच नव्हे तर येऊच शकत नाही, कारण एशियाटिकसचे निश्चित कवच तुलनेसाठी उपलब्ध नाही. 'आशियातील' असा अर्थ असलेल्या विशेषणाने ही दिशाभूल अधिकच सुकर केली आहे. जातिनाम हे वर्णन नव्हे, ती केवळ खूण होय, हा नामकरणशास्त्राचा पहिला पाठ; पण तोच सर्वांत आधी विसरला जातो.

दुसरे उत्तर 'स्ट्रुथिओ कॅमेलस', म्हणजे आफ्रिकेचा विद्यमान शहामृग, हे आहे. कवचाच्या सूक्ष्मरचनेचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्यांना त्यात विद्यमान शहामृगाशी साम्य दिसले. येथे निदान कवचाची कवचाशी तुलना झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि साम्याचे मोल ठरविताना दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. विद्यमान शहामृगांतच कवच एकसारखे नाही. उत्तर आफ्रिकेतील अंडे हस्तिदंतासारखे गुळगुळीत व बारीक छिद्रांचे असते, तर दक्षिण आफ्रिकेतील अंड्यावरील छिद्रांचे खळगे डोळ्यांना दिसतात. एकाच जातीत एवढा फरक असेल तर दोन तुकड्यांतील साम्यावरून किंवा भेदावरून जात ठरविणे धाडसाचे होय. शिवाय 'कॅमेलस' या नावाची व्याप्तीही स्थिर राहिलेली नाही. रायशेनो यांनी १८८३ साली वर्णिलेला सोमालियाचा निळसर मानेचा शहामृग दीर्घकाळ त्याचाच उपप्रकार मानला जात असे. अलीकडे त्यास 'स्ट्रुथिओ मॉलिब्डोफेनस' ही स्वतंत्र जात मानतात. म्हणजे जुन्या लेखातील 'कॅमेलस' आणि आजच्या लेखातील 'कॅमेलस' यांचे शब्द एक असले तरी आशय एक नाही. लेखाचे साल न पाहता नाव उतरवून घेणारा अभ्यासक येथे नकळत चुकतो. साहनी, गिरिराज कुमार, वाजपेयी व श्रीनिवासन यांनी १९९० साली 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' मध्ये या सर्व सामग्रीचा आढावा घेताना मथळ्यातच जातीचे नाव न देता 'स्ट्रुथिओची एक जात' एवढेच म्हटले, हा संयम उल्लेखनीय आहे.

२०१७ साली या वादात नवा साक्षीदार आला. राजस्थान व मध्य प्रदेशातील स्थळांच्या कवचांतून जैन, राय, गिरिराज कुमार, थंगराज प्रभृतींनी प्राचीन डीएनए मिळविला, आणि तो आफ्रिकेच्या शहामृगाशी निकटचा असल्याचे दाखविले. उष्ण हवामानाच्या प्रदेशातील इतक्या जुन्या कवचातून डीएनए मिळविणे ही मोठीच कामगिरी होय, आणि तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. या शोधानंतर भारतीय शहामृगास आफ्रिकेच्या शहामृगापासून सर्वस्वी दूरचा मानणे कठीण झाले आहे. परंतु त्यातून जे निष्पन्न होत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मिळालेला अंश मायटोकाँड्रियातील डीएनएचा अगदी लहान तुकडा आहे. तपासलेली कवचे पाटण्याची नव्हेत. तेथवर तो निष्कर्ष नेणे हे अनुमान आहे, आणि ते संभाव्य असले तरी अनुमानच आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एशियाटिकसच्या लक्षावधी वर्षे जुन्या अस्थींतून असा डीएनए मिळण्याची आशा नाही. त्यामुळे कवचे कॅमेलसशी ताडली गेली, एशियाटिकसशी नव्हे. 'एशियाटिकस हे कॅमेलसचे पर्यायनाम आहे काय' हा मूळ प्रश्न या प्रयोगाने सुटला नाही, कारण तो त्यात विचारलाच गेला नव्हता. उद्या अस्थींच्या अभ्यासाने दोन्ही जाती एकच ठरल्या तर १७५८ चे नाव राहील आणि १८७१ चे जाईल. भिन्न ठरल्या तर दोन्ही राहतील, आणि तरीही पाटण्याचा पक्षी कोणता हे निराळेच ठरवावे लागेल.

हा वाद शब्दांचा खेळ आहे असे कोणास वाटेल, म्हणून त्यातील अर्थ सांगणे जरूर आहे. पाटण्याचा पक्षी कॅमेलस असेल, तर आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे दख्खनपर्यंत एक सलग कोरडा, उघडा प्रदेश त्याच्यासाठी खुला होता असे मानावे लागते. ज्या वाटेने पक्षी आला तीच वाट माणसाचीही असू शकते. थरच्या वाळवंटात कटोती येथील ६०,००० वर्षांहून जुन्या कवचांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही शहामृगाच्या प्रसाराचा विचार याच अंगाने केलेला आहे. याउलट तो शिवालिकच्या जातीचा वंशज असेल, तर तो या भूमीत दीर्घकाळ स्थायिक होता, आणि त्याचे नाहीसे होणे म्हणजे एका पक्ष्याने एक प्रांत सोडणे नव्हे, तर एक संपूर्ण वंश पृथ्वीवरून नष्ट होणे होय. त्या विनाशात अंडी गोळा करणाऱ्या माणसाचा वाटा किती, हा प्रश्नही मग निराळ्या गांभीर्याने विचारावा लागतो. एका जातिनामात हे दोन इतिहास दडलेले आहेत. पुराव्यावाचून नाव लिहिणे म्हणजे पुराव्यावाचून इतिहास लिहिणे होय.

इच्छेने नाव देण्याची हीच प्रवृत्ती कवचावरील रेषांच्या बाबतीतही दिसून आली आहे. भारतातील अनेक कवचांवरील रेषांना 'कोरीव काम' म्हटले गेले. परंतु रॉबर्ट बेडनारिक यांनी त्यांपैकी बहुसंख्य खुणा नैसर्गिक कारणांनी उमटल्याचे मत मांडले, आणि पाटण्याचा तुकडा मात्र मानवी हाताचा असल्याचे मान्य केले. कठोर परीक्षेने पाटण्याच्या तुकड्याचे महत्त्व कमी झाले नाही, वाढले. जातिनामाच्या बाबतीतही तीच कसोटी लावण्यास भिण्याचे कारण नाही.

व्यवहारात काय करावे? जिल्हा गॅझेटियर, संग्रहालयातील चिठ्ठ्या आणि शालेय पुस्तके यांत जातीचे नाव लिहिण्याची घाई करू नये. 'स्ट्रुथिओ, जात अनिश्चित' असे लिहिण्यात कमीपणा नाही. त्यासोबत स्थळ, थर, नमुन्याचा क्रमांक आणि कालनिर्णयाची पद्धत दिली, तर पुढील अभ्यासकास वेंगुर्ल्याच्या गुहेसारखी परत जाण्याची एक जागा तरी उरते. जुनी नावे मात्र खोडून टाकू नयेत. कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर ती दिली याच्या नोंदीसह ती जपावीत. कारण पर्यायनामांची यादी ही चुकांची यादी नसते, तर एका वस्तूकडे निरनिराळ्या काळी कसे पाहिले गेले त्याची बखर असते.

रत्नागिरीच्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकत नाहीत. म्हणून कोकणच्या अभ्यासकास जीवाश्म पक्ष्यांचा विचार घाटावरील व उत्तरेकडील सामग्रीवरच करावा लागतो. दुसऱ्याच्या सामग्रीवर विसंबणाऱ्याने तर नावापेक्षा नमुन्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. पाटण्याच्या थरात कवचांशेजारी शहामृगाचे एखादे हाड मिळेल, किंवा त्याच कवचातून पुरेसा डीएनए निघेल, तेव्हा चिठ्ठीवरील रिकामी जागा भरता येईल. तोवर ती रिकामी ठेवणे हेच शास्त्राला धरून होईल.